घास विरळ का झाला?

(दृश्य: रस्त्याकडेची शेतं)
पुणे-सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचन सोडलं, की उसाच्या फडांमध्ये अधूनमधून गर्द हिरवे वाफे दिसतात. लसूणघास. दावणीला दोन गायी असल्या की घास हवाच. एकदा पेरला, की तीन वर्षं कापत राहायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र तक्रार येते : घास विरळ झाला. मग युरियाची गोणी फुटते, पाण्याच्या पाळ्या वाढतात.

(दृश्य: वाफा, जवळून)
कापून वीस दिवस झालेत. भोवतीचा घास गुडघ्याला आलाय आणि मध्येच एखादा ठोंब वीतभर. काड्या बारीक, पानं लहान, पिवळट, वाटीसारखी वळलेली. असे ठोंब वाफाभर विखुरलेले दिसले, तर सोटमूळ खणून काढा. वरून ते धडधाकट दिसेल. ब्लेडनं आडवं कापा. निरोगी मूळ आतून पांढरट असतं. सालीखाली पिवळसर तपकिरी कडं दिसलं, तर संशय जिवाणूजन्य मर रोगाचा. अमेरिकेत १९२०च्या दशकात ओळखला गेलेला हा जिवाणू, क्लॅव्हिबॅक्टर इन्सिडिओसस, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबवतो.

मूळ मऊ पडून कुजलं असेल, तर प्रकरण वेगळं. भारी काळ्या रानात आधी साचलेल्या पाण्याचा आणि बुरशीचाच संशय घ्यावा. नक्की काय ते प्रयोगशाळाच सांगेल. मुळं घेऊन कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठा.

(दृश्य: विळा, कापणी)
मर रोगावर फवारणीचं औषध नाही. जिवाणू जखमेतून शिरतो आणि घासाला दर महिन्याला जखम आपणच करतो. त्यामुळे नवा वाफा आधी कापायचा, रोगट शेवटी, आणि मग विळा स्वच्छ धुवायचा. दव असताना कापू नये, असंही सांगतात. धारेच्या आधी वैरण आणणाऱ्या वहिनींना हे कसं जमायचं, तो प्रश्न आहेच! निदान रोगट वाफ्यात तरी ऊन चढल्यावर जावं. त्यातलं पाणी चांगल्या वाफ्यात सोडू नये.

बी तिथलं धरायचं नाही. वाळल्या चाऱ्यात आणि बियात हा जिवाणू वर्षानुवर्षं टिकतो. नवं बी घेताना मर रोगाला प्रतिकारक वाण आहे का, ते विचारा. फारच विरळ झालेला वाफा मोडून दोन-तीन वर्षं ज्वारी, मका घ्या. कापलेला घास गायींना खुशाल घाला, हा रोग जनावरांना होत नाही. फक्त गव्हाणीतली चगळ पुन्हा घासाच्या रानात टाकू नका.