जर्मनीचं रेसिडन्स परमिट: अर्ज दिल्यापासून कार्ड हातात येईपर्यंत

ह्या समोर दिसताहेत त्या एका साध्या बिल्डिंगच्या पत्रपेट्या. प्रत्येकीवर आडनाव आहे, काही छापलेली, काही पेनाने लिहून वर सेलोटेप मारलेली, आणि कोपऱ्यातलं ते नवंकोरं स्टिकर बघा, ते आत्ताच राहायला आलेल्या कुणाचंतरी आहे. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. रेसिडन्स परमिटच्या व्हिडिओची सुरुवात पत्रपेटीपासून करण्याचं कारण एवढंच की टॅक्सचा नंबर, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड, फॉरेनर्स ऑफिसचं, म्हणजे परदेशी लोकांच्या राहण्याच्या परवानग्या बघणाऱ्या ऑफिसचं, बोलावणं हे सगळं आजही बऱ्याच शहरांत पोस्टाने येतं, आणि एक पत्र चुकलं की पुढचे दोन महिने गेले असं खरंच होतं लोकांचं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर युरोपियन युनियनच्या बाहेरच्या देशातल्या माणसाला आधी नॅशनल व्हिसा काढावा लागतो, डी व्हिसा म्हणतात त्याला. टूरिस्टचा शेंगेन व्हिसा वेगळा, तो १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि त्यावर येऊन मग इथेच राहायचा अर्ज करू असं कुणी सांगत असेल तर कृपया ऐकू नका. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया अशा काही मोजक्या देशांच्या लोकांना मात्र व्हिसाशिवाय येऊन इथे अर्ज करता येतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती सोय नाही.

आल्यावर पहिलं काम सिटी रजिस्ट्रेशन, म्हणजे आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो की हो, हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय. हा कागद २०१५ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा आहे. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं पण नव्या माणसाचं घोडं नेमकं इथे अडतं, कारण मोठ्या शहरांत घर मिळायचीच मारामार, तात्पुरती खोली देणारा मालक रजिस्ट्रेशनला नाही म्हणतो आणि रजिस्ट्रेशन नसेल तर पुढचं एकही काम सुटसुटीत होत नाही. खोली बघताना भाड्याच्या आधी हा प्रश्न विचारा, रजिस्ट्रेशन करून देणार का?

आता मुख्य गोष्ट. डी व्हिसा बहुतेक वेळा काही महिन्यांचाच असतो, तो संपायच्या आत फॉरेनर्स ऑफिसकडे रेसिडन्स परमिटचा अर्ज करायचा. जर्मन नाव आउसलेंडरबेहोर्डे, आपली मंडळी नुसतं एबीएच म्हणतात. कायदा सगळ्या देशाला एकच आहे, १ जानेवारी २००५ पासून लागू झालेला, पण तो राबवणारी ऑफिसं ५०० च्या वर आहेत, प्रत्येक शहराचं नाहीतर जिल्ह्याचं आपापलं. म्हणून म्युनिकच्या मित्राला जे कागद लागले तेच लाइपझिगला लागतील असं नाही. कुठे ऑनलाइन फॉर्म आहे, कुठे ईमेल करा म्हणतात, कुठे अजून छापील फॉर्म भरून पोस्टाने पाठवावा लागतो. अपॉइंटमेंट, जिला इथे सगळे टर्मिन म्हणतात, ती मिळायला कुठे तीन आठवडे तर कुठे कित्येक महिने. पहाटे उठून स्लॉट उघडतोय का बघत बसणारी माणसं आम्हाला शूटिंगच्या वेळी भेटली, त्यात पीएचडी करणारे होते, नर्स होत्या, स्वयंपाकी होते, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता, माझी तारीख संपली आणि टर्मिन मिळालीच नाही तर मी बेकायदा ठरणार का?

ह्याचं उत्तर कायद्यात अगदी स्पष्ट आहे आणि ते प्रत्येकाला माहिती असायलाच हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. रेसिडन्स कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४. तुमचा डी व्हिसा किंवा जुनं परमिट चालू असतानाच तुम्ही अर्ज केलात, तर ऑफिसचा निर्णय येईपर्यंत जुनी परवानगी चालूच आहे असं धरलं जातं. नोकरीची परवानगी होती तर नोकरीही चालू राहते. ऑफिसला आठ महिने लागले तरी त्याची शिक्षा तुम्हाला नाही. फक्त अट अशी की अर्ज तारखेच्या आत पोचलेला असला पाहिजे, आणि शेंगेन व्हिसाला हे लागू नाही.

बरं, अर्ज म्हणजे काय? टर्मिन म्हणजे अर्ज नाही आणि टर्मिन मिळावी म्हणून केलेली ईमेलही कदाचित अर्ज धरली जाणार नाही, इथेच लोक गाफील राहतात. अर्ज करायला ठराविक फॉर्मच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. साध्या पत्रात नाव, जन्मतारीख, पत्ता, सध्याच्या परमिटची शेवटची तारीख आणि मी अमुक प्रकारच्या परमिटसाठी अर्ज करतोय किंवा मुदतवाढ मागतोय असं स्वच्छ लिहिलं तरी चालतं. ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरा, आलेली पोच पीडीएफ करून ठेवा. फॉर्म उघडतच नसेल तर ते पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ती पावती दोन-तीन युरोंची असते पण नंतर भांडायची वेळ आली तर हातात तेवढीच असते.

तारीख चुकलीच, दोन-चार दिवस उशीर झाला, तरी लगेच सगळं संपत नाही, त्याच कलमात ऑफिसला अशी मुभा आहे की फार मोठा अन्याय होत असेल तर उशिरा आलेल्या अर्जावरही जुनी परवानगी चालू ठेवता येते. पण ती त्यांच्या मर्जीवर, तुमचा हक्क नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

आता हा कागद जवळून बघा. घडी घातलेला, आत फोटो, शिक्का, सही. ह्याला आपले लोक फिक्शन सर्टिफिकेट म्हणतात, नुसतं फिक्शनही म्हणतात, पूर्ण जर्मन नाव फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग. फी १३ युरो. अर्ज चालू आहे आणि तोपर्यंत हा माणूस इथे कायदेशीर आहे, एवढं सांगणारा हा कागद. आतल्या बाजूला पर्यायांचे छोटे चौकोन आहेत आणि एकावर खूण केलेली आहे, कॅमेरा आता त्यावरच थांबलाय. खूण पोटकलम ४ वर असेल तर जुन्या परमिटसोबत हा कागद घेऊन तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता. खूण पोटकलम ३ वर असेल, जी सहसा व्हिसाशिवाय येऊन पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची असते, तर राहता येतं पण एकदा बाहेर पडलात की ह्या कागदावर परत येता येत नाही. दोन्ही कागद लांबून सारखेच दिसतात. तिकीट काढायच्या आधी तो चौकोन बघा, आणि शंका असेल तर ऑफिसला लेखी विचारा.

कायद्याने सगळं ठीक असलं तरी रोजचा त्रास वेगळाच असतो. कायदा म्हणतो परवानगी चालू आहे, पण कंपनीच्या एचआरला सिस्टिममध्ये तारीख टाकायची असते, बँकेला कार्डाची कॉपी हवी असते, विमानतळावर चेक-इनला बसलेल्या मुलीला तर हा कागद काय आहे हेच माहिती नसतं. आमच्याशी बोललेली एक इंजिनियर सांगत होती की कार्डाची तारीख संपली त्याच दिवशी एचआरची मेल आली, नवं कार्ड दाखवा नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका. तिने अर्ज दोन महिने आधी केला होता, पोचही होती, पण फिक्शन मागायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने ऑफिसला पोच जोडून मेल केली, त्यात लिहिलं की नोकरी जाण्याची वेळ आलीये, आणि काही दिवसांत कागद मिळाला. बऱ्याच ठिकाणी हा कागद आपणहून येत नाही, मागावा लागतो, आणि मागताना कारण लिहावं, नोकरी असेल तर नोकरी, प्रवास असेल तर प्रवास. मधले ते दिवस तिने कसे काढले हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. कागद वेळेत देऊनही माणसाला गुन्हेगारासारखं वाटावं हे बरोबर नाही, आणि हे इथे रोज कुणाचं ना कुणाचं होतंय.

ऑफिसने तीन महिने होऊनही काहीच निर्णय दिला नाही आणि उशिराला तसं सबळ कारणही नसेल, तर प्रशासकीय कोर्टात जाता येतं, निर्णय द्या एवढ्याच मागणीसाठी. लोक ह्याला घाबरतात, त्यांना वाटतं कोर्टात गेलो तर परमिट कायमचं नाकारतील. तसं नसतं. तरीही आधी वकिलाचं एक पत्र जाऊ द्या, कित्येकदा तेवढ्यानेच फाइल हलते.

टर्मिनचा दिवस तसा पटकन उरकतो. पासपोर्ट, पगाराच्या स्लिपा, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, हेल्थ इन्शुरन्स, भाडेकरार, रजिस्ट्रेशनचा कागद. विद्यार्थी असाल तर खर्चाचा पुरावा, बहुतेकांचं ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दर महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात असं खातं असतं आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याचा आकडा महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो असा आहे. दोन्ही तर्जनींचे ठसे घेतात, सहा वर्षांवरच्या मुलांचेही. फोटो आता कागदावरचा चालत नाही, मे २०२५ पासून डिजिटलच लागतो, तो तिथल्या मशीनवर काढा नाहीतर मान्यता असलेल्या स्टुडिओतून ऑनलाइन पाठवा. पहिल्या परमिटची फी साधारण १०० युरो. मग बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, बुंडेसड्रुकेराईत कार्ड छापलं जातं आणि चार-सहा आठवड्यांनी येतं, कधी जास्तही लागतात. चिप असलेलं हे कार्ड १ सप्टेंबर २०११ पासून आहे, त्याआधी पासपोर्टमध्ये स्टिकर लावायचे.

कार्डासोबत अजून एक कागद येतो, पुरवणीचा, आणि तो लोक ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात. तसं करू नका. तुमच्या परमिटला जोडलेल्या अटी त्यात असतात, कुठल्या कंपनीत, कुठलं काम. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचं वेगळं परमिट, ते असलेल्यांनी पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर ऑफिस ३० दिवसांपर्यंत ती बदली थांबवून तपासू शकतं. आणि नोकरी मुदतीआधी गेली तर ते कळल्यापासून दोन आठवड्यांत तुम्ही स्वतः ऑफिसला कळवायचं असतं. नोकरी गेल्यावर माणूस आधीच खचलेला असतो, त्यात हे पत्र लिहायचं सुचत नाही, पण लिहा. सहसा नवी नोकरी शोधायला काही महिने देतात, आणि ते मिळवायचे तर आपण काही लपवलं नाही हे कागदावर दिसायला हवं.

नवरा किंवा बायको मागाहून येणार असेल तर त्यांना सहसा ए१ पातळीचं, म्हणजे अगदी सुरुवातीचं, जर्मन लागतं, ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. आल्यावर जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते. लग्नाच्या दाखल्याकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. भारताच्या अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्याला, जर्मनीची मान्यता नाही, त्यामुळे तो शिक्का मारून आणला तरी दाखल्याची वेगळी पडताळणी करायला सांगू शकतात आणि त्यात महिने जातात.

पुढचा टप्पा कायमच्या परवानगीचा, आपण पीआर म्हणतो ती. नेहमीच्या वाटेने पाच वर्षं, ६० महिन्यांची पेन्शनची वर्गणी आणि बी१, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन. कुशल कामगारांना तीन वर्षं, इथल्याच युनिव्हर्सिटीतून शिकून नोकरीला लागलेल्यांना दोन. ब्लू कार्डवर २७ महिने, आणि बी१ झालेलं असेल तर २१. इथे आमचं मत ठाम आहे, आल्या दिवसापासून जर्मन शिका. परीक्षेसाठी तर आहेच, पण काउंटरच्या पलीकडच्या बाईंशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलता आली की काम सोपं होतं, हे आम्ही ह्या शूटिंगमध्ये वारंवार पाहिलं.

आणि शेवटचा मुद्दा घरच्यांचा. आई आजारी पडते, वडिलांचं ऑपरेशन निघतं, माणूस सगळं टाकून घरी जातो आणि तिथे महिन्यामागून महिने जातात. कलम ५१ प्रमाणे सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परमिट आपोआप रद्द होतं, कुणी नोटीस पाठवत नाही, कार्डावर कितीही पुढची तारीख असो. पीआरलाही हेच लागू आहे. ब्लू कार्डवाल्यांना १२ महिन्यांची सवलत आहे. पण त्याच कलमात सोय आहे की आधी अर्ज केलात तर ऑफिस जास्त मुदत लिहून देऊ शकतं. तेव्हा निघायच्या आधी, घाईत का होईना, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत एक मेल टाका की सहा महिन्यांपेक्षा जास्त लागू शकतात. जाऊन बसला असाल आणि चार-पाच महिने झाले असतील तर आजच लिहा, सहा महिने पूर्ण व्हायच्या आत.