गोल कुणी खाल्ला?

(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फुटबॉलचा सामना हरला की पुण्यात लगेच दोन पक्ष तयार होतात. एक म्हणतो, डिफेन्सनं घाण केली. दुसरा म्हणतो, पुढं गोल मारायलाच कुणी नव्हतं, डिफेन्स काय करणार? बाणेरच्या कॅफेत स्क्रीनिंग संपलं की हेच आणि खडकीच्या मैदानाच्या कडेलाही हेच. दोन्हीकडचे लोक तितक्याच ठामपणे बोलतात, आणि सामना बघताना त्यातले निम्मे मोबाइलमध्ये होते हेही मी पाहिलेलं असतं. (हशा)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना प्रश्नांची तयारी करायला वेळ मिळेल. गोल जिथं खाल्ला जातो, म्हणजे आपल्यावर होतो, तिथं तो क्वचितच सुरू होतो. आपल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल दिसते, आणि फुटलेला पाइप पाचव्यावर असतो. भांडण मात्र तिसऱ्या आणि चौथ्याचं लागतं.

इथं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या आर्सेनल क्लबचे चाहते किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहात. आता तुम्हालाच साक्षीला घेतो. 2022-23 चा मोसम. तुम्ही बराच काळ गुणतक्त्यात वर होता. शेवटी मँचेस्टर सिटीनं 89 गुणांवर लीग नेली, तुम्ही 84 वर राहिलात. 88 गोल मारले आणि 43 खाल्ले. बचावपटू सलिबा दुखापतीनं बाहेर गेला आणि शेवटच्या टप्प्यात गाडी घसरली. निकाल काय लागला? बचाव कच्चा. ठीक.

पुढचा मोसम, 2023-24. या वेळी फक्त 29 गोल खाल्ले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. सिटीनं 34 खाल्ले. लीग कुणी नेली? सिटीनंच, 91 विरुद्ध 89. आता बचावाला दोष देता येईना, म्हणून निकाल फिरला: आपल्याकडं खरा स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, नाही. पण जरा आकडे बघा. त्या वर्षी आर्सेनलनं 91 गोल मारले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा तीन जास्तच. स्ट्रायकर नाही म्हणून हरलेला संघ आदल्या वर्षीपेक्षा जास्त गोल मारून हरला होता! दोन गुणांचा फरक म्हणजे 38 सामन्यांतली एक बरोबरी विजयात बदलली असती तर भरून निघणारा फरक. एवढ्या चिंचोळ्या जागेत आपण एका अख्ख्या फळीला आरोपी म्हणून उभं करतो.

2024-25 मध्ये तर कमालच. आर्सेनलनं पुन्हा सर्वांत कमी गोल खाल्ले, 34. लिव्हरपूलनं 41 खाल्ले आणि 86 मारून लीग नेली. आर्सेनलनं मारले 69. या वर्षी मात्र आघाडीवर बोट ठेवणाऱ्यांचं मी ऐकून घेईन, आकडा खरोखरच घसरला आहे. उलटं उदाहरण हवं असेल तर 2013-14 चं लिव्हरपूल घ्या. 101 गोल मारून दुसरे, कारण 50 खाल्ले होते. म्हणजे दोन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळतो, आणि म्हणूनच हा वाद कधी संपत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती 43 चे 29 कसे झाले यात. सलिबा त्या मोसमात सगळे 38 सामने खेळला, हे खरं. पण त्याच उन्हाळ्यात डेक्लन राइस आला, आणि तो बचावपटू नाही. तो मधल्या फळीत खेळतो. चेंडू हरवला की तो पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणसाच्या अंगावर जातो. समोरच्याला मान वर करून लांब पास द्यायला वेळच मिळत नाही. मागच्या चौघांना मग कमी धावावं लागतं, आणि कमी धावणारा बचावपटू टीव्हीवर फार हुशार दिसतो.

ही गोष्ट मैदानावर मुलांना शिकवताना मला रोज दिसते. स्ट्रायकरकडून चेंडू जातो. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, पंचाकडं बघतो. समोरचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, निवांत दोन पावलं पुढं येतो आणि चाळीस मीटरचा पास टाकतो. आपले फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर गेलेले असतात, कारण आपणच आक्रमण करत होतो. मध्ये एवढं मोठं मैदान मोकळं. दोन बचावपटू, तीन प्रतिस्पर्धी. गोल. आणि बाहेर उभे असलेले पालक ओरडतात, ‘अरे, डिफेन्स झोपला का?’ डिफेन्स झोपलेला नसतो हो. झोपलेला असतो साठ मीटर पुढं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 5 जुलै 1982, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम, विश्वचषकातला ब्राझील विरुद्ध इटली सामना. ब्राझीलला उपांत्य फेरी गाठायला नुसती बरोबरी पुरत होती. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो अशी मधली फळी, प्रशिक्षक टेले सान्ताना. पाचव्या मिनिटाला इटलीच्या पाओलो रॉसीनं हेडरनं गोल केला. बाराव्याला सॉक्रेटिसनं बरोबरी केली. पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोनं आपल्याच अर्ध्यात आडवा पास दिला. तो नेमका कुणासाठी होता हे सहकाऱ्यांनाही कळलं नाही, आणि रॉसीनं मध्येच उचलून गोल केला. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्कावनं 2-2 केलं. आता ब्राझील पात्र होतं. मागं सरकून चेंडू फिरवत बसले असते तरी चाललं असतं. ते पुढंच जात राहिले. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर, तार्देल्लीचा फटका, वाटेत रॉसी, 3-2. त्या क्षणी ब्राझीलचे सगळे अकरा जण आपल्याच पेनल्टी क्षेत्रात होते. माणसं कमी पडली असं कुणी म्हणू शकत नाही.

आता सांगा, दोष कुणाचा? बचावाचा म्हणाल तर दुसरा गोल ज्या पासवर झाला तो देणारा सेरेझो मधल्या फळीतला होता. आघाडीचा म्हणाल तर स्ट्रायकर सर्जिन्योनं संधी घालवली हे खरं. करेका स्पर्धेआधीच जखमी झाल्यामुळं ती जागा त्याच्याकडं आली होती. पण संघानं दोन गोल तर मारलेच. जगातल्या कोणत्याही संघाला दोन गोल आणि वर बरोबरी पुरत असेल, तर आघाडीनं आपलं काम केलं. माझ्या मते दोष त्या सहा मिनिटांचा, 68 ते 74. 2-2 असताना खेळाचा वेग उतरवायचा असतो, आणि तो निर्णय ना बचावपटूचा ना स्ट्रायकरचा. तो अकरा जणांनी आणि बाकावरच्या एकानं मिळून घ्यायचा असतो. ब्राझीलच्या चाहत्यांना हे पटणार नाही. ते म्हणतील, तसे खेळले असते तर ते ब्राझील राहिले नसते. या उत्तरावर माझ्याकडं तोड नाही.

जाता जाता एक नियमाची गोष्ट. 1925 साली ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू मिळणाऱ्याच्या पुढं प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोन झाले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये आदल्या मोसमात 1192 गोल झाले होते, पुढच्या मोसमात 1703. एका उन्हाळ्यात इंग्लंडमधले सगळे बचावपटू बिघडले का? नाही ना.

आमच्यात काही जण अमेरिकेत राहून आलेले आहेत, ते म्हणतील, अहो, आमच्याकडं हा प्रश्न सुटलेला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. चेंडू कुणाकडं आहे त्याप्रमाणे अख्खी टोळीच बदलते. मग हिशेब सोपा: आक्रमणानं किती गुण केले, बचावानं किती दिले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मग 2017 च्या फेब्रुवारीतला ह्यूस्टनचा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, बघा. अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये 28-3 असे पुढं होते. जादा वेळेत 34-28 हरले. पंचवीस गुणांची आघाडी गेली म्हटल्यावर पहिला निकाल उघड आहे, बचाव कोसळला. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या आक्रमणानं त्या सामन्यात 93 प्ले, म्हणजे एकेक सुटी चाल, खेळले आणि अटलांटाच्या आक्रमणानं 46. म्हणजे अटलांटाचा बचाव समोरच्या बचावाच्या दुप्पट वेळा उभा राहिला, पळाला, आदळला. का? कारण त्यांचं आक्रमण एक तर फार पटकन गुण करून बाहेर यायचं, नाहीतर फार पटकन चेंडू देऊन बाहेर यायचं. त्यात एक विचित्र योग. अटलांटाच्या रॉबर्ट आल्फर्डनं पेट्रियट्सच्या ब्रेडीचा पास मध्येच पकडून 82 यार्ड पळत टचडाउन केला. बचावानं स्वतः गुण मिळवले, टाळ्या झाल्या, आणि त्याचा परिणाम असा की किकऑफनंतर तोच बचाव पुन्हा मैदानात! आक्रमणवाले बाकावरच. शेवटी पुढं असताना घड्याळ पळवायचं सोडून अटलांटा पास टाकायला गेलं, पास टाकणारा क्वार्टरबॅक मागं पाडला गेला, आणि फील्ड गोलची, म्हणजे लाथेनं चेंडू मारून गुण घेण्याची, सोपी जागा हातची गेली. त्या मोसमात लीगमधलं सर्वांत जास्त गुण करणारं आक्रमण अटलांटाचंच होतं, हे विसरू नका. त्यामुळं दोन टोळ्या वेगळ्या आहेत हे खरं, पण घड्याळ एकच आहे, आणि दम एका टोळीचा गेला की त्याचं कारण बऱ्याचदा दुसरीकडं सापडतं.

आपल्याला हे कळायला अमेरिकेत जायची गरजच नाही. कबड्डीत पुणेरी पलटणचे सामने बघणाऱ्यांना हे पाठ आहे. चढाईचे गुण वेगळे, पकडीचे वेगळे, सगळं पडद्यावर लिहून येतं. पण चढाई फसत गेली की बाद झालेले आपले गडी जिवंत होत नाहीत. मग मागं तीन जण उरतात आणि आपण म्हणतो, पकडी होत नाहीत! तीन जणांत सुपर टॅकल झाली तर दोन गुण मिळतात, पण त्यावर सामना चालवायचा म्हणजे जुगार आहे.

आपल्या एफसी पुणे सिटीचंही तेच. 2017-18 मध्ये आपण इंडियन सुपर लीगमध्ये चौथे आलो आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलो. बालेवाडीत बंगळूरुविरुद्ध 0-0. परतीच्या सामन्यात छेत्रीनं तीन गोल मारले, एक पेनल्टीवर, आणि आपण 3-1 हरलो. तेव्हा बहुतेकांनी तीन गोल मोजले. मी बालेवाडीतल्या शून्याकडं बोट दाखवत होतो. आणि तिसरा गोल? 82 व्या मिनिटाला आपल्या लुकाच्या फ्री किकनं 2-1 झालं, आता बरोबरीसाठी माणसं पुढं पाठवणं भाग होतं, आणि 89 व्या मिनिटाला छेत्रीनं गोल केला. तो गोल बचावाच्या खात्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तो क्लबही 2019 मध्ये गेला. आता वाद घालायला संघच नाही. एवढ्या मोठ्या शहरात ही लाजेची गोष्ट आहे, पण तो आजचा विषय नव्हे.

एक आक्षेप रास्त आहे, तो घेतो. काही चुका खरंच एकट्याच्या असतात की नाही? असतात. 2018 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, कीव. लिव्हरपूलचा गोलरक्षक कारियस. त्यानं फेकलेला चेंडू रेआल माद्रिदच्या बेन्झेमाच्या पायाला लागून आत गेला, नंतर त्याच संघाच्या बेलचा लांबचा फटका हातांतून निसटला. रेआल माद्रिद 3-1. याहून स्पष्ट आरोपी कुठं मिळणार? पण काही दिवसांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. सामन्यात डोक्याला मार बसून त्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालं होतं आणि त्याचा खेळावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, असं त्यांनी सांगितलं. गोल होण्याआधी माद्रिदच्या रामोसशी त्याची टक्कर झाली होती. तोवर त्या मुलाला जगभरातून जे ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच.

(प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यानं विचारलं: मग दोष कुणालाच द्यायचा नाही का?)

द्या की! दोष न देता फुटबॉल बघायचा तर घरी बसून भजन ऐकावं. (हशा) फक्त रिप्ले जिथून दाखवतात तिथून सुरू करू नका. रिप्ले शेवटच्या चार-पाच सेकंदांचा असतो आणि त्यात बचावपटू आणि गोलरक्षक एवढेच दिसतात, म्हणून तेच गुन्हेगार ठरतात. तुम्ही पंधरा-वीस सेकंद मागं जा. चेंडू कुणी, कुठं घालवला? घालवल्यावर जवळच्या तिघांनी काय केलं? आणि आपण आक्रमण करत होतो तेव्हा मागं किती जण थांबले होते? एवढं बघून मग नाव घ्या. पुष्कळदा ते नाव दहा नंबरच्या, म्हणजे आक्रमणातल्या लाडक्या खेळाडूच्या, शर्टावर निघेल, ज्याचा शर्ट तुम्ही स्वतः घातलेला असतो.

(दुसरा प्रश्न: पैसे एकाच खेळाडूपुरते असतील तर स्ट्रायकर घ्यावा की बचावपटू?)

मोसमात 69 गोल मारलेले असतील तर स्ट्रायकर. 91 मारलेले असतील तर मधल्या फळीतला, चेंडू हिसकावणारा. आणि आमच्यासारख्या रविवारच्या संघासाठी विचारत असाल, तर वेळेवर येणारा गोलरक्षक.