डेल्फ्टचं अंगण

श्रोतेहो, नमस्कार.

समोर चित्र नसताना चित्राविषयी बोलायचं आहे, तेव्हा आधी ते तुमच्या डोळ्यांपुढे उभं करते.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावातलं एका घराचं मागचं अंगण. खाली विटांची फरसबंदी. उजवीकडे पायरीवरून एक मोलकरीण उतरते आहे आणि तिचा हात धरून एक चिमुरडी. डावीकडे विटांची कमान. कमानीतून बोळ थेट रस्त्यापर्यंत जातो. त्या बोळात एक बाई आपल्याकडे पाठ करून उभी आहे, रस्त्याकडे बघत. अंगणात झाडू आडवा टाकलेला, आणि एक बादली. एवढंच. हे चित्र १६५८ सालचं, चित्रकार पीटर द होख. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

डेल्फ्टची चित्रकला म्हटलं की वर्मीरचं नाव आधी येतं, आणि ते योग्यच आहे. दूध ओतणारी त्याची बाई जगभर पोचली. पण घर कसं वापरलं जातं, कुठून कुठे जा-ये होते, उंबऱ्याच्या आत काय आणि बाहेर काय, हे होखला वर्मीरपेक्षाही जास्त कळलं होतं असं मला मनापासून वाटतं. होख मूळचा रॉटरडॅमचा. त्याचे वडील गवंडी आणि आई सुईण.

आता त्या कमानीतल्या विटा बघा. एक वीट दुसरीसारखी नाही. एखादी भट्टीत जास्त भाजलेली, काळपट. एखादीचा कोपरा गेलेला. दरजांमधला चुना कुठे भरलेला, कुठे झडलेला. भिंतीवरचा पांढऱ्या रंगाचा हात जिथे उडालाय तिथे खालचा लाल रंग डोकावतो. गवंड्याच्या घरात वाढलेल्या माणसाची ही नजर आहे. आणखी एक गंमत सांगते. लांबचं लहान आणि जवळचं मोठं दिसावं म्हणून फरशीच्या सगळ्या रेघा एकाच बिंदूकडे धावाव्या लागतात. त्यासाठी डेल्फ्टचे चित्रकार त्या बिंदूवर टाचणी खोचत, तिला खडू लावलेली दोरी बांधत आणि ताणून सोडत, की रेघ उमटली. वर्मीरच्या बऱ्याच चित्रांत त्या टाचणीचं बारीक छिद्र तपासणीत सापडलं आहे. आपले सुतार लाकडावर सूत मारतात ना, तेच हे.

कमानीवर एक दगडी पाटी आहे. ती होखनं कल्पनेनं रंगवलेली नाही. डेल्फ्टमधल्या सेंट जेरोमच्या मठाची ती पाटी आजही त्या गावात एका भिंतीत बसवलेली आहे. तिच्यावरच्या मजकुराचा भावार्थ असा, की वर चढायचं असेल तर आधी खाली उतरावं लागतं. आणि तिकडे, अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, मोलकरीण आणि ती मुलगी पायरी उतरताहेत! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोघींच्या पायांकडेच बघत बसले होते. हीच कमान होखच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रातही येते, पण तिथे तिच्या शेजारी मांडवाखाली माणसं पीत बसली आहेत. म्हणजे हे अंगण जसंच्या तसं उतरवलेलं नाही. खऱ्या विटा आणि खरी पाटी घेऊन त्यानं ते बांधलं आहे.

या चित्रांना एवढा उजेड कुठून मिळाला, हेही सांगायला हवं. थोर डच चित्रकार रेम्ब्रांटचा एक शिष्य डेल्फ्टमध्ये राहत होता, कारेल फाब्रिटियस. त्याच्या गुरूची माणसं बहुधा अंधारातून उजेडात येतात. फाब्रिटियसनं उलट केलं. मागे उजळ भिंत ठेवली आणि पुढे सावलीतली वस्तू. दाण्याच्या पेटीवरच्या कडीला साखळीनं बांधलेला त्याचा छोटासा पक्षी असाच पांढऱ्या गिलाव्यापुढे बसला आहे. ते चित्र १६५४ सालचं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्टचं दारूगोळ्याचं कोठार उडालं, सुमारे ४० टन दारूचा स्फोट झाला, गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि फाब्रिटियस गेला. वय अवघं ३२. पुढच्याच वर्षी होख डेल्फ्टच्या चित्रकारांच्या संघात नोंदला गेला. भिंती पडलेल्या गावात राहून त्यानं शाबूत भिंतींची, धड अंगणांची चित्रं काढली, हे मला विसरता येत नाही.

त्या संघात चित्रकारांबरोबर काच बनवणारे आणि निळ्या-पांढऱ्या मातीच्या भांड्यांचे कारागीरही होते. गावात पैसा होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती. कोकणातल्या श्रोत्यांना वेंगुर्ल्याची डच वखार ठाऊक असेल, ती याच कंपनीची. चर्चनं चित्रं लावणं सोडलं होतं, तेव्हा गिऱ्हाईक होते घरदार असलेले साधे लोक. १६६३ साली एक फ्रेंच प्रवासी वर्मीरकडे आला, पण वर्मीरकडे दाखवायला चित्रच नव्हतं. ते बघायला मिळालं एका पाववाल्याकडे.

होख पुढे ॲमस्टरडॅमला गेला. तिथे त्यानं संगमरवरी दिवाणखाने आणि रेशमी कपडे रंगवले. ती चित्रं मला फारशी भिडत नाहीत. विटा गेल्या तिथे त्याचा हातही जड झाला.

डेल्फ्टच्याच दिवसांतलं त्याचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. खोलीत भिंतीतच बसवलेला पलंग, कपाटासारखा. त्याच्यापुढे आई बसली आहे. मूल गुडघ्यांवर बसून तिच्या मांडीत डोकं खुपसून आहे, आणि आई त्याच्या डोक्यातल्या उवा काढते आहे. ही बैठक आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावी लागणार नाही. केसांतून फिरणारी बोटं, वाकलेली मान, आणि कंटाळलं तरी हलायची सोय नसलेलं मूल. बाजूला मुलाची शौचाला बसायची लाकडी खुर्ची. तीही त्यानं तितक्याच जिव्हाळ्यानं रंगवली आहे.

मागचं दार उघडं आहे. पलीकडच्या खोलीतून ऊन फरशीवर येतं. दारात एक छोटा कुत्रा बसला आहे, आपल्याकडे पाठ करून. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मोठं करून बघता येतं. बघाल तेव्हा आईकडे नंतर या. आधी त्या कुत्र्याच्या मागे जाऊन बसा, आणि तो बघतोय तिकडे बघा.

नमस्कार.