जानेवारीत हरले, मार्चमध्ये जिंकले

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रे. मतदानाच्या रांगा, भिंतींवर रंगवलेली फुले आणि पाने.)

१६ जानेवारी १९६७. गोव्यातल्या मतदारापुढे दोन निशाण्या होत्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळे राहणे. मोजणी संपली तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ मते पडली होती, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

ही गोष्ट गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दर जानेवारीला तिचा 'अस्मिताय दीस' साजरा होतो, भाषणे होतात, विलीनीकरणाविरुद्ध लढलेल्या जॅक सिक्वेरांचे स्मरण होते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी जे झाले, त्याचा दिवस मात्र कुणी साजरा करत नाही.

मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मतदार तेच, गाव तेच. आणि ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र आहे, ज्याने विलीनीकरणासाठी सरकार सोडून राष्ट्रपती राजवट येऊ दिली, तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, दमण आणि दीव धरून ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

विलीनीकरण नको, पण विलीनीकरणवाले हवेत. बाहेरच्याला हा घोळ वाटेल. आम्हाला तो घोळ वाटत नाही. या माहितीपटात आम्ही एवढेच म्हणणार आहोत की भाषेच्या नावाने जे भांडण झाले, त्याच्या पोटात जमिनीचे भांडण होते.

(दृश्य: मडकई. खाजनाचा बांध, आत भाताची रोपे, बाहेर भरतीचे पाणी.)

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. भाटकार, म्हणजे इथला जमीनदार, कुठेच गेला नाही.

गोव्यात शेत कसणारा तो कूळ. भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा, त्याच्या माडांवर नजर ठेवणारा, हाक मारली की जाणारा तो मुंडकार. बरेचदा एकच माणूस दोन्ही असायचा: शेत दुसऱ्याचे आणि डोक्यावरच्या छपराखालची मातीही दुसऱ्याची. अशा माणसाने मत कुणाला द्यावे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. कुळेही दोन्हीकडची होती, आणि त्यांच्यात गावडे, कुणबी, वेळीप होते, ज्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला पुढे २००३ साल उजाडावे लागले. म्हणून 'हिंदू विरुद्ध ख्रिस्ती' किंवा 'मराठी विरुद्ध कोकणी' एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही.

१९६३ च्या पहिल्या निवडणुकीत हे दिल्लीला जरा उशिरा कळले. देश काँग्रेसचा, पंतप्रधान नेहरू, गोवा मुक्त केला तो त्यांच्याच सरकारने. आणि गोव्याच्या २८ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. तिच्या यादीत भाटकारांची वजनदार नावे होती. बहुजन समाजाने ती वाचली आणि मत मगोला दिले.

गंमत अशी की भाऊसाहेब काही कूळ नव्हते. ते खाणमालक होते, चांगलेच सधन. पेडण्यात जन्मलेला हा माणूस बहुजन समाजातून आला होता, आणि पैसा आल्यावरही ते विसरला नव्हता. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या त्या त्यांच्या काळात. आज वयाची सत्तरी ओलांडलेला, घरातला पहिला शिकलेला माणूस शोधा, तो बहुधा त्याच शाळेतला निघेल.

(दृश्य: पत्रादेवी नाका. रस्त्याच्या पलीकडे बांदा.)

पत्रादेवीला गोवा संपतो. पलीकडे बांदा, त्यापुढे सावंतवाडी. पेडण्यातल्या कुणाही घराचे सोयरे तिकडे सापडतात. मुलगी तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली. त्या सोयऱ्यांकडून एक बातमी कधीच इकडे आलेली असणार: मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला होता. त्या दिवसाला कृषक दिन म्हणतात. पलीकडच्या भावोजीच्या नावावर जमीन झाली आणि इकडचा मेहुणा खंड घालतोच आहे, हे चित्र पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत काय करत असेल, याचा अंदाज बांधायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून फुलाला पडलेली सगळी मते शिवाजी महाराजांना आणि ज्ञानेश्वरीला पडली, असे आम्ही मानत नाही. काही पडली, नक्की पडली. पण बरीचशी मुंबईच्या कूळकायद्याला पडली.

आणि पानांचे काय? ख्रिस्ती समाज त्या वेळी चाळीस टक्क्यांच्या आतच होता. पानांना मते मिळाली पंचावन्न टक्क्यांच्या वर. म्हणजे हिंदूंनीही, मराठी वाचणाऱ्या हिंदूंनीही, पाने निवडली. मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात लिहीत होते आणि लिहीत होते मराठीतच. शिवाय पोटाचे प्रश्न होते. महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराला आणि फेणीच्या भट्टीवर जगणाऱ्याला तिचा अर्थ पटकन कळला. नोकरीवाल्यांना कळले की पणजी राजधानी राहणार नाही, एका मोठ्या राज्याच्या टोकाला एक जिल्ह्याचे गाव होईल.

जानेवारीत गोव्याने सांगितले, आमचा कारभार आम्ही करू. मार्चमध्ये सांगितले, तो भाटकाराने करायचा नाही.

(दृश्य: मामलेदार कचेरीचा व्हरांडा. फायली, बाकावर बसलेली माणसे.)

कूळकायदा गोव्यातही आला होता, १९६४ साली. त्याने कुळाला काढून टाकण्यावर बंधन घातले आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आणला. मोठीच गोष्ट. पण मालक अजून भाटकारच.

भाऊसाहेब १९७३ च्या ऑगस्टमध्ये गेले. मुख्यमंत्रिपद त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्याकडे आले, आणि जमिनीचे खरे कायदे झाले ते ताईंच्या काळात. १९७५ चा मुंडकार कायदा: राहते घर आणि गावात असेल तर ३०० चौरस मीटरपर्यंत जागा, शहरात २०० पर्यंत, मुंडकाराला विकत घेता येईल. १९७६ ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती: कसणारा मालक मानला जाईल, किंमत ठरवून सरकार देववील. बांद्याच्या भावोजीला जे १९५७ साली मिळाले, ते पेडण्याच्या मेहुण्याला एकोणीस वर्षांनी मिळाले, आणि तेही विलीन न होता.

भाटकार न्यायालयात गेले. अखेर १९८४ साली संसदेने ४७ वी घटनादुरुस्ती केली, आणि देशातल्या इतर अनेक जमीन कायद्यांसोबत गोव्याची ही पाचवी दुरुस्तीही घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली, म्हणजे तिला न्यायालयात आव्हान देणे अवघड झाले. मडकईच्या एका खाचराचा निकाल लावायला दिल्लीत घटना दुरुस्त करावी लागली. केंद्र आणि राज्य यांचे नाते समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण आमच्याकडे नाही.

भाषेचा निकालही त्याच दशकात लागला. १९८७ साली देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीचा सरकारी वापर कायद्याने राखला गेला, आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. त्या आंदोलनावर वेगळा माहितीपट हवा, इथे त्यात शिरत नाही.

(दृश्य: मानस. लाकडी झडपा, ओहोटीला बाहेर धावणारे पाणी.)

कागदावर कूळ मालक झाले. शेतात काय झाले, ते बघायला खाजनात उतरावे लागते.

खाजन म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. भरतीची पातळी वर, शेत खाली. मध्ये चिखलमातीचा आणि चिऱ्याचा बांध. बांधात मानस, म्हणजे झडपांचे दार. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच झडप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर कोरगुटासारखे खारे सोसणारे भात, कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी. शेकडो वर्षांची ही रचना पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, सांभाळायची, तिलाच पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले. बांधाला भोक पडले की रात्री-अपरात्री माणसे धावत, कारण न धावणाऱ्याची गावात धडगत नसे.

नव्या कायद्याने शेत तुकड्या-तुकड्याने कुळाचे झाले. बांध तुकड्यात वाटता येत नाही. म्हणून तो सांभाळण्यासाठी कूळ संघ निघाले. संघाचे उत्पन्न कशाचे? मानशीच्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे. मानस दरवर्षी पावणीत जाते, जो जास्त बोली लावील त्याला मासळी. आता ज्याने पावणीत पैसे ओतले, त्याला खारे पाणी आत हवे, जितके जास्त तितके बरे. ज्याचे भात आहे त्याला ते नको. भात पिकवून हातात काही राहत नाही असे झाले, तेव्हा संघातही मासळीवाल्याचे वजन वाढले. कुठे बांध फुटला, दुरुस्ती लांबली, आणि दोन-चार वर्षांत आत खारफुटी उगवली. खारफुटीला केंद्राच्या किनारी नियमांचे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पण मग ते शेत पुन्हा शेत होणे कठीण. कुळाच्या नावावर जमीन आहे, जमिनीवर जंगल आहे, आणि ते तोडले तर गुन्हा आहे.

याचा दोष कूळकायद्यावर ढकलणारे आहेत. गावकारी होती तेव्हा सगळे कसे छान होते, असे ते म्हणतात. छान होते ते गावकारांसाठी. बांधाची माती वाहणारा गावकार नव्हता. कायद्याची चूक जमीन दिली ही नाही. जमिनीबरोबर बांधाचा खर्च कोण करील, भाताला भाव कोण देईल, हे त्याने नीट लिहिले नाही. आता सरकार भाताला वरकड भाव देते, कृषी कार्डावर अवजारांना आणि बियाण्यांना अनुदान देते. तरी लावणीला माणूस मिळत नाही, आणि कुळाचा नातू बोटीवर किंवा हॉटेलात आहे.

(दृश्य: एक-चौदाचा उतारा, जवळून. मग पर्वरीच्या नव्या इमारती.)

हा फॉर्म एक-चौदा, जमिनीच्या नोंदीचा उतारा. यातल्या एका रकान्यात कुळाचे नाव असते. गोव्यातली कितीतरी भांडणे त्या एका रकान्यावर आली आहेत. नाव आहे पण सनद काढलेली नाही. आजोबांचे नाव आहे, त्यांना सात वारस, वारसांना जोडीदार, आणि गोव्याच्या वारसा कायद्याने साऱ्यांचा हिस्सा. इन्व्हेंटरीला, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या न्यायालयीन कामाला, एक जण लंडनहून यायचा राहिला की फाईल तिथेच. दुसरीकडे, या जमिनीत कूळच नाही असे ठरवून घेणारे भाटकारांचे वारस. २०१४ साली सरकारने कुळांचे दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयात नेले आणि दाव्यांना तीन वर्षांची मुदत घातली. कुळे खवळली. काही वर्षांतच दावे पुन्हा मामलेदारांकडे आले.

हे भांडण एवढे चिवट का? कारण जमिनीचा भाव आता भातावर ठरत नाही. तो दिल्ली, मुंबई, बंगळूरहून येणाऱ्या गिऱ्हाइकावर ठरतो. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडणे, जो विलीनीकरणवाल्यांचा हक्काचा तालुका, तो बिल्डरांच्या जाहिरातींत उत्तर गोव्याचा नवा पत्ता झाला. ज्या पठारावर कुणी गुरे चारायला सोडत, तिथे आता दर चौरस मीटरने बोलतात.

कायदे नाहीत असे नाही. १९९१ च्या जमीन वापर कायद्याने कुळाने घेतलेली जमीन शेतीशिवाय कशासाठी वापरता येत नाही. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आली. आणि त्याच २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घुसले, ज्यात प्रादेशिक आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करण्याच्या नावाखाली मालकाला आपल्या भूखंडाचा विभाग बदलून मागता येऊ लागला. एकाच सरकारने एका हाताने शेत विकू नका म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने शेताला शेत म्हणणे ही चूक होती असे मान्य करायचे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) चे नियम रद्द केले. २०२४ साली आलेले ३९अ कलम, तेही जमिनीचा विभाग बदलण्याचेच, वेगळे आहे.

(दृश्य: पर्वरी, विधानसभा संकुल.)

मगो पक्ष अजून आहे. २०२२ च्या निवडणुकीत त्याच्या दोन जागा आल्या, मडकई आणि मांद्रे. मडकई म्हणजे भाऊसाहेबांचा मतदारसंघ, मांद्रे म्हणजे पेडणे तालुका. निकालानंतर पक्षाने भाजपला पाठिंबा दिला आणि मंत्रिमंडळात गेला. १७(२) आले ते याच सरकारच्या काळात. कुळांच्या मतांवर उभा राहिलेला पक्ष त्या दिवशी सत्ताधारी बाकांवर होता.