तबकडी हातात आली की पाय थांबतात

मित्रहो, मी फुटबॉल खेळलेलो नाही आणि अल्टिमेट फ्रिस्बी, म्हणजे तबकडी फेकून-झेलून खेळायचा सांघिक खेळ, तोही नाही. भुसावळच्या रेल्वे मैदानाच्या कडेला उभे राहून सामने पाहणारा मी एक साधा प्रेक्षक आहे आणि आज बोलणार आहे तेही प्रेक्षकाच्याच जागेवरून. गेल्या हिवाळ्यात जळगावात एका महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी सकाळी मुलेमुली मिळून फ्रिस्बीचा सामना खेळताना दिसली. पहिला अर्धा तास मला त्यातले काहीच उमगले नाही, कारण फुटबॉलच्या सवयीने मी तबकडीवरच डोळे लावून बसलो होतो.

फुटबॉलमध्ये ही सवय पुष्कळदा निभावून जाते. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध स्वतःच्याच अर्ध्या भागातून चेंडू घेऊन जो दुसरा गोल केला, तो पाहताना चेंडूवरून नजर हलवावीच लागत नाही. अल्टिमेटमध्ये असा गोल होऊच शकत नाही. तेथे तबकडी हातात आली की खेळाडूने लवकरात लवकर थांबायचे, एक पाय रोवायचा आणि त्या पायाभोवती वळून ती सहकाऱ्याकडे फेकायची. समोरचा बचावपटू सेकंदाला एक या गतीने मोठ्याने आकडे मोजत असतो, आणि 'दहा' हा शब्द सुरू होईपर्यंत तबकडी सुटली नाही तर ती प्रतिपक्षाची होते. ही मोजणी मैदानाबाहेर ऐकू येते. कबड्डीच्या चढाईतला दम ऐकताना जसा आपला श्वास अडकतो, तसाच 'सात, आठ' ऐकताना माझा अडकला.

म्हणजे तबकडी ज्याच्या हाती तो खिळलेला, आणि खेळ त्याच्या उरलेल्या सहा सहकाऱ्यांच्या पायांत. हे लक्षात आल्यावर मी नजर मुद्दाम दूर नेली. एक मुलगी पलीकडच्या टोकाकडे चार-पाच पावले जोरात धावली, तिला राखणारी तिच्यामागे झेपावली, आणि तेवढ्यात पहिलीने पाय रोवून अंग वळवले व ती फेकणाऱ्याकडे परत आली. राखणारी दोन पावले पुढे निघून गेली होती. त्या दोन पावलांच्या मोकळ्या जागेत तबकडी आली. १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदानाच्या दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे गोलक्षेत्र असते; तेथे झेल घेतला की एक गुण, आणि सामना बहुधा १५ गुणांपर्यंत चालतो. गोलरक्षक नसतो, त्यामुळे फुटबॉलसारखी एका गोलासाठी तासभर वाट पाहावी लागत नाही. खरे सांगायचे तर ती वाट पाहणे मला आवडते.

तबकडीचे वजन १७५ ग्रॅम. गरगर फिरत असल्यामुळे ती कलंडत नाही, आणि हवा तिला खालून उचलून धरते. उंच मारलेला चेंडू कोठे पडणार हे लगेच कळते. तबकडी मात्र तरंगत राहते, आणि तिच्याखाली दोघे धावत येऊन पोचतात. वारा समोरून असेल तर ती वर चढते, पाठीमागून असेल तर लवकर खाली बसते. वैशाखातल्या एका वावटळीत उभी केळीची बाग आडवी झालेली रावेर-यावलच्या लोकांनी पाहिली आहे. वाऱ्याचा अंदाज घेऊन खेळणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता पंचांविषयी. १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या मेपलवूड येथील शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या या खेळात जागतिक स्पर्धांतही निवाडा खेळाडूच करतात. त्या सकाळी झेल घेताना एका मुलीला धक्का लागला. तिने 'फाऊल' म्हटले, मुलगा म्हणाला, "मला तसं वाटलं नाही," दोघांनी आपापले म्हणणे सांगितले, आणि एकमत न झाल्याने तबकडी फेकणाऱ्याकडे परत गेली. अर्ध्या मिनिटात खेळ पुन्हा सुरू. सामन्यानंतर प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याच्या खेळभावनेला गुण देतो. (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पंच नेमलेले असतात, हेही सांगितले पाहिजे.) फुटबॉलमध्ये खरे शोधण्याचा भार पंचावर आहे. मॅराडोनाचा त्याच सामन्यातला पहिला गोल हाताने झाला, ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाही, आणि गोल कायम राहिला. पुढे २०१८ मध्ये चित्रफीत पाहून पंचाला मदत करणारा व्हिडिओ साहाय्यक नियमांत आला. फुटबॉलवर माझे प्रेम आहे, तरी खेळाडूलाच आधी विचारण्याची रीत मला अधिक सरळ वाटते.

त्यानंतर भुसावळला फुटबॉलचा एक सामना पाहिला. उजवीकडचा एक मुलगा चेंडू नसताना कोपऱ्यातल्या झेंड्याकडे सुसाट धावला, बचावपटू त्याच्यामागे गेला, आणि मोकळ्या झालेल्या मधल्या जागेतून दुसऱ्याने गोल केला. सगळे गोल करणाऱ्याकडे धावले. मी झेंड्याजवळ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणाऱ्या त्या मुलाकडे पाहत होतो.