शून्याने भागताना

श्रोतेहो, नमस्कार. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्या गुणाकारात त्याचाच अर्धा भाग मिळवला, बेरजेला तीनने गुणून शून्याने भागले, तेव्हा त्रेसष्ट आले. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर आहे चौदा.

शाळेतला चुणचुणीत विद्यार्थी येथे हरकत घेईल, आणि ती रास्तच आहे, कारण शून्याने गुणल्यावर शून्यच उरते आणि शून्याने भागणे अंकगणिताला मान्य नाही. परंतु भास्कराचार्य सांगतात की, पुढच्या क्रिया बाकी असतील तर शून्य हा गुणक तसाच राखावा आणि नंतर शून्यच भाजक झाले तर मूळ संख्या अविकृत समजावी. आता शून्याऐवजी ०.१ घ्या, मग ०.००१ घ्या, चौदापासून निघाल्यास दर वेळी त्रेसष्टच येतात. शून्यापर्यंत न पोचता त्याच्या हवे तितके जवळ जात राहणे आणि उत्तर कोठे स्थिरावते ते पाहणे, यालाच कलनशास्त्रात, म्हणजे बदलत्या राशींचा अभ्यास करणाऱ्या ‘कॅल्क्युलस’ या गणितशाखेत, सीमा म्हणतात. भास्कराचार्यांना आजचे कलन अवगत होते असा दावा मी करणार नाही. पण या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असे त्यांनीच नोंदवले आहे.

‘बीजगणित’ ग्रंथात मात्र ते पुढे जातात. शून्य हा छेद असलेल्या राशीला ते खहर म्हणतात आणि तिच्यात काहीही मिळवले वा वजा केले तरी, प्रलयकाळी व सृष्टिकाळी अनंत अच्युताच्या ठायी जसा विकार होत नाही, तसा तिच्यातही होत नाही, असे सांगतात. उपमा भव्य आहे, परंतु अंकगणिताला ती पेलत नाही. एक भागिले शून्य आणि दोन भागिले शून्य ही दोन्ही एकच अनंत मानली, तर उलट गुणाकार करताच एक आणि दोन समान ठरतात. शिवाय एकाला ०.००१ ने भागले तर हजार येतात आणि उणे ०.००१ ने भागले तर उणे हजार. मग शून्यापाशी कोणती बाजू धरायची?

म्हणून कलनशास्त्र अनंताला संख्या मानत नाही. एखादी राशी अनंताकडे जाते म्हणजे तुम्ही सांगाल ती मर्यादा ती कधीतरी ओलांडते आणि पुन्हा खाली येत नाही, एवढेच. त्यामुळे अनंतातून अनंत वजा केल्यास काय उरते, या प्रश्नाला एक उत्तर नाही: न वाढत गेला, तर न अधिक पाच मधून न वजा केल्यावर सदैव पाचच उरतात, तर न च्या वर्गातून न वजा केल्यावर उरणारी राशी स्वतःच अनंताकडे जाते.