हात लावल्याशिवाय नंबर नाही

(तालुक्याच्या पशुप्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एका निवृत्त पशुवैद्यकांनी शेळीपालकांसमोर केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं नीटनेटकं केलेलं.)

मंडळी, उद्या सकाळी तुमची जनावरं रिंगणात उभी राहायची आहेत, तेव्हा फार वेळ घेत नाही. पण आत येताना मांडवामागे दोन बोकड बघितले, त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. एकाच्या अंगाला तेल चोपडलेलं होतं. ते चालतं, नवरदेवही तेल लावूनच बोहल्यावर चढतो. दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला तर माझी बोटं काळी झाली. केसांचा कलप! अजून वाळलासुद्धा नव्हता. मालक कोण ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण उद्या रिंगणात पांढरा रुमाल ओला करून प्रत्येकाच्या अंगावर फिरवणार आहे, एवढं लक्षात असू द्या.

वाईट याचं वाटतं की त्या कलपाची गरजच नव्हती. उस्मानाबादी शेळी म्हणजे काळीच, हे आपण धरून बसलोय. या जातीत काळ्या जास्त, हे खरं. साधारण चारात तीन काळ्या भेटतात. पण उरलेली एक तपकिरी असते, पांढरी असते, ठिपक्यांची असते, आणि तीही उस्मानाबादीच. कर्नालला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, तिथे देशातल्या जातींची नोंद होते. तिथल्या वर्णनातही हे इतर रंग आहेत. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळी मात्र कागदावर अजून उस्मानाबादीच आहे आणि तिच्या अंगावरचे ठिपकेही तिच्याबरोबर आहेत. परीक्षकाने ठिपके बघून गुण कापले तर शेळी बरोबर आणि परीक्षक चूक.

आपल्या राज्याच्या नोंदलेल्या शेळ्यांच्या जाती चार. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. संगमनेरी नगर, नाशिक, पुण्याकडची, बहुतेक पांढरी. कोकण कन्याळ सिंधुदुर्गातली, लांब पायांची. तिच्या काळ्या तोंडावर नाकापासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे असतात आणि कानाची कडही पांढरी असते, तिथे रंग ही खरोखर ओळख आहे. बेरारी वऱ्हाडातली, फिकट किंवा गडद तांबूस. म्हणजे रंगाला किती किंमत द्यायची हे त्या त्या जातीने ठरवायचं, परीक्षकाच्या आवडीने नाही. आणि म्हणूनच उद्या पहिला नियम असा की जात वेगळी तर रांग वेगळी. बीटल, सिरोही, जमनापारी, बोअर यांची आपल्या गावरान शेळीबरोबर एकाच रांगेत तुलना करायची नाही. बोअर ही दक्षिण आफ्रिकेत मांसासाठी घडवलेली जात. तिच्या शेजारी आपली शेळी उभी केली की ती बारीकच दिसणार. आणि बोअरच्या रेतनातून झालेला अर्ध्या रक्ताचा बोकड ‘सुधारित उस्मानाबादी’ म्हणून आणायचा असेल तर त्याला घरीच बांधून ठेवा. चांगला असेल तो, पण त्याची रांग उद्या नाही.

आता परीक्षकांबद्दल बोलतो, कारण मीही त्यातलाच. वीसेक वर्षं मी हे काम केलंय. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण कोणी काढली माहीत नाही, पण त्याने एखादं पशुप्रदर्शन नक्की बघितलं असणार. व्यासपीठावर खुर्ची, गळ्यात हार, समोर शेळ्यांची रांग. साहेब तिथूनच बोट दाखवतात, तो काळा, तो पहिला. मीही असा एक नंबर दिलाय. पूर्ण व्यासपीठावरून नाही, खाली उतरलो होतो. पण हात फक्त पाठीवरून फिरवला. बोकड होता मात्र देखणा. रुंद छाती, शिंगं मागे वळलेली, मान अशी की रिंगणात दुसरीकडे नजर जाऊ नये. पहिला नंबर जाहीर झाला, फेटा बांधला, फोटो निघाले. तेवढ्यात दोरीपलीकडून एक म्हातारी मावशी म्हणाल्या, “सायेब, तोंडच बगताव का? मागं बी हात घालून बगा की.” मी हसलो, मग वाकून हात घातला. एकच वृषण उतरलेलं होतं. दुसरं पोटातच.

असा बोकड गाभण करू शकतो, म्हणून मालकाच्या कधी ध्यानात येत नाही. पण हा दोष वंशात उतरू शकतो, आणि प्रजननाच्या रांगेतून त्याला पहिल्याच पावली बाद करायचं असतं. पुस्तकातलं पहिलं पान आहे ते. आणि मी निकाल बदलला का? नाही बदलला. पाहुण्यांची गाडी निघायच्या घाईत होती, आयोजक म्हणाले राहू द्या आता, आणि मी राहू दिलं. त्या बोकडाकडे मग आजूबाजूच्या तीन गावांतून शेळ्या आल्या, कारण त्याच्या गळ्यात मी बांधलेली पट्टी होती. मावशींच्या स्वतःच्या चार शेळ्या होत्या, त्या त्यांनी त्याच्याकडे नेल्या नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बोकड असेल तर आधी मागे हात. दोन्ही वृषणं, सारखी, घट्ट, गाठ नसलेली. मग तोंड. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. खालचे आठ दात त्या गादीला बरोबर टेकले पाहिजेत. खालचा जबडा आखूड असला किंवा पुढे आला असला की जनावर पाला नीट तोडू शकत नाही. दावणीला खुराक खाऊन ते गुबगुबीत दिसेल, पण उन्हाळ्यात माळावर उपाशी राहील.

तोंड उघडलंच आहे तर वयही तिथेच कळतं, आणि वयाशिवाय रांगा लावता येत नाहीत. दुधाचे दात असतील ते आदत. सव्वा-दीड वर्षाच्या आसपास मधले दोन दात पडून मोठे येतात, ते दोन दाती. पुढे साधारण दरवर्षी एकेक जोडी. चौथ्या वर्षाच्या सुमाराला आठ दाती, म्हणजे तोंड जुळलं. चाऱ्यावर आणि जातीवर हे थोडं मागेपुढे होतं. उद्या जन्मतारीख कोणी सांगू नका, सांगितलेली तारीख आणि तोंडातले दात यांचं भांडण लागलं तर मी दातांचं ऐकणार. खरं सांगू का, या बाबतीत आपल्यापेक्षा बकरी ईदेचं गिऱ्हाईक जास्त काटेकोर असतं. वर्ष पूर्ण झालंय का, कान कापलेला नाही ना, डोळा शाबूत आहे ना, लंगडत नाही ना. माणूस ओठ वर करून दात बघतो, चालवून बघतो, मग पैसे काढतो. त्याला कोणी गुणपत्रिका दिलेली नसते.

त्यानंतर चाल. उभी शेळी सगळीच चांगली दिसते, कारण मालक पाय नीट मांडून ठेवतो. म्हणून मी प्रत्येकीला दूर जायला आणि परत यायला सांगतो. मागचे गुडघे एकमेकांना घासतात का, खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे बसलाय का, खूर पसरलेत का. पाठीचा कणा चालतानाही सरळ राहिला पाहिजे. आपली शेळी दिवसाला काही मैल चालून पोट भरते. तिच्या पायाला मी जितके गुण देतो तितके बाहेरच्या पुस्तकांत मिळत नाहीत.

अमेरिकेत दुधाच्या शेळ्यांची एक मोठी संस्था आहे, १९०४ पासूनची. तिची गुणपत्रिका मी बऱ्याचदा समोर ठेवतो. व्यालेल्या शेळीला शंभरात ३५ गुण एकूण ठेवणीला, २० दुधाळपणाला, १० शरीराच्या ऐसपैसपणाला आणि ३५ एकट्या कासेला. न व्यालेल्या पाठीला, म्हणजे तरुण शेळीला, कासच नसते, तेव्हा ते ३५ बाकीच्यांत वाटतात. पत्रिका सुंदर आहे, पण ती गोठ्यात राहणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ पिळून काढायच्या शेळीसाठी आहे. आपली शेळी आधी दोन करडं पाजते, मग घरच्या चहापुरतं देते. म्हणून माझ्या वहीत कासेला २५ आहेत, पाय आणि चालीला २५, छाती-पोटाला २०, जातीच्या खुणांना १५, आणि उरलेले १५ करडांना. हे सरकारी नाही, माझं आहे. भांडायचं असेल तर निकालानंतर भांडा.

करडांना गुण म्हणजे काय ते सांगतो, कारण लोक यावरच जास्त चिडतात. उस्मानाबादी शेळीचा नावलौकिक आहे तो जुळ्यांमुळे, आणि नीट सांभाळली तर ती दोन वर्षांत तीन वेत देते. ही गोष्ट उभ्या शेळीच्या अंगावर दिसत नाही. मालक सांगतो, साहेब हिला दरवेळी तीन होतात. मी म्हणतो, आणा. आईबरोबर तिची करडं आणा, गेल्या वेताची पाठ असेल तर तीही आणा. बोकडाची परीक्षाही तशीच, त्याची तीन पिल्लं वेगवेगळ्या शेळ्यांची उभी करा. तिघांच्या पायांत तोच वाकडेपणा दिसला तर बाप कितीही चमकू दे.

कासेचंही तसंच. आदल्या रात्रीपासून न पिळता तुंबवून आणलेली कास टम्म दिसते, शेळी मात्र पाय फाकवून उभी राहते. तो देखावा नाही, जाच आहे, आणि उद्या अशी शेळी दिसली तर आधी पिळायला लावीन, मग बघीन. पिळल्यावर कास मऊ पडली पाहिजे. पिळूनही हाताला टणक लागली तर आत मांस जास्त, दूध कमी, किंवा जुनी दगडी, म्हणजे कासेची सूज. दोन्ही भाग सारखे, सड दोनच. जादा सड असेल तर लपवू नका, करडू चुकून तोच चोखत बसतं. दुधाची स्पर्धा वेगळी आहे, तिच्यासाठी आज रात्री सगळ्यांच्या कासा पंचांसमोर रिकाम्या करायच्या आणि मग पुढच्या दोन वेळचं दूध मोजायचं.

गळ्याखाली लोंबणाऱ्या त्या दोन गाठींबद्दल कालच एकाने विचारलं, की त्या असल्या तर दूध जास्त असतं का? संस्कृतवाल्यांनी याचं उत्तर फार आधी देऊन ठेवलंय. निरुपयोगी गोष्टीला ते अजागलस्तन म्हणतात, म्हणजे शेळीच्या गळ्यातले सड. गुण शून्य.

वजनाचं थोडं सांगतो. काटा असेल तर काट्यावर, पण रात्रभर मीठ चारून पहाटे पाणी पाजलेली शेळी काट्याला फसवते. मी टेप लावतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला तीनशेने भागा, वजन पौंडात येतं. घेर २८, लांबी २६ असेल तर अडुसष्ट पौंडांच्या आसपास, म्हणजे एकतीस किलोला थोडं कमी. काटा आणि टेप यांच्यात फार फरक पडला तर पोटात पाणी आहे असं समजतो.

रिंगणात कसं वागायचं ते थोडक्यात. शेळी माझ्या आणि तुमच्या मध्ये असली पाहिजे, मी ज्या बाजूला जाईन त्याच्या उलट बाजूला तुम्ही सरका. मालकाचं नाव, गाव, पक्ष मला सांगायचा नाही, फक्त नंबर. ज्या शेळीला मी गेल्या वर्षभरात औषध दिलंय किंवा जी माझ्या नातेवाइकाची आहे तिच्या रांगेला दुसरे डॉक्टर बसतील. आणि पहिल्या तीन नंबरांची कारणं मी माइकवर सांगणार. दुसरीपेक्षा पहिली का, ते. पटलं नाही तर तिथेच विचारा. त्या दिवशी मावशींनी विचारलं ते दोरीपलीकडून, कारण आत येऊन विचारायची सोयच नव्हती.

शेवटी रोगाचं. कानात बारा अंकी बिल्ला आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस किमान एकवीस दिवस आधी टोचलेली, हे दाखवल्याशिवाय दारातून आत नाही. पीपीआर एका पाण्याच्या टाकीवरून चाळीस घरी जाऊ शकतो, म्हणून तुमची बादली तुमचीच. परत गेल्यावर बक्षीस मिळो न मिळो, दोन-तीन आठवडे शेळी कळपापासून वेगळी बांधा. शेवटच्या महिन्यातली गाभण शेळी आणूच नका, आणली असेल तर आत्ताच परत न्या.

विचारा आता. हं, तिकडे मागे.

बोडकी शेळी चालेल का? चालेल. उस्मानाबादी माद्या शिंगांच्याही असतात आणि बोडक्याही, गुण कापायचा प्रश्न नाही. बोकड मात्र बहुतेक शिंगांचा असतो, बोडका असला तर मी थोडं थांबून बघतो. ज्या अमेरिकन संस्थेचं सांगितलं, तिथे तर शिंगांची शेळी रिंगणात येऊच देत नाहीत, इजा होते म्हणून. आपल्याकडे कापू नका कोणी, एवढ्यासाठी. आणि तुमच्या शेळीचं एक शिंग मोडलंय म्हणता, ते जन्मतः की पडून? पडून. मग ते वंशात उतरत नाही. आणा तिला उद्या, फक्त जखम ओली असेल तर नको.